पार कोणाच्या मालकीचा?

मोबाइल आला आणि सीमा पुसली गेली, असे सांगत फिरणाऱ्या शहाण्यांची आम्हांस कीव येते. आदिलाबादेत बसून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याच्या मामाशी बोलता येते, हे खरे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले व आदिलाबाद आंध्रात राहिले; त्या वेळी दुभंगलेली घरे आज एका पडद्यावर भेटतात, हेही खरे. पण डिसेंबर २०१७ मध्ये गोंड-लंबाडा संघर्षाच्या वेळी या जिल्ह्यातील इंटरनेट बंद झाले, तेव्हा ही पुसलेली सीमा कोठून उगवली? अफवांस आवर घातलाच पाहिजे, त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु ज्या पारावरून एका हुकुमासरशी आम्हांस उठविता येते, तो पार आमचा कसा म्हणावा?

गावच्या वडाखालचा पार गावाचा असतो. या नव्या पाराचा मालक कॅलिफोर्नियात बसला आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही तिन्ही दुकाने एकट्या मेटा कंपनीची! ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मालकाने मिटविले. टिकटॉक २९ जून २०२० रोजी सरकारने बंद केले. ट्विटर २०२२ साली ४४ अब्ज डॉलरांस एका धनिकाने विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचे बारसे नव्याने केले. तेथे नांदणाऱ्यांस कोणी विचारले काय?

उद्याचे चित्र याहून बिकट आहे. सोयऱ्याधायऱ्यांचा मजकूर मागे पडून यंत्राने निवडलेला, आणि आता यंत्रानेच रचलेला, मजकूर पुढे येत आहे. हे यंत्र छापील मराठीवर पोसलेले. तेलुगु, उर्दू आणि गोंडी शब्द जिच्यात घरच्यासारखे वावरतात, ती आमची बोली त्याच्या लेखी अशुद्धच ठरणार!

मग मोबाइल फेकून द्यावा काय? मुळीच नाही. २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. हा हक्क नियमाने मिळाला, कंपन्यांच्या औदार्याने नव्हे. त्याचप्रमाणे आपला गट, छायाचित्रे, संभाषणे उचलून दुसऱ्या माध्यमात जाण्याचा हक्क का नसावा? युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने बड्या निरोप-सेवांवर इतर सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले. दिल्लीस हे जड का जावे? आणि हैदराबादेस आमचे मागणे असे, की इंटरनेटबंदीचे हुकूम प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले आहे. ते हुकूम आमच्या जिल्ह्यात मराठीतही लागले पाहिजेत.

तोवर बेला, जैनथ, बोथ येथील बांधवांनी आपापल्या गटातील नावे व नंबर वहीत उतरवून घ्यावेत. म्हाताऱ्यांच्या ओव्या आणि भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे गावच्या वाचनालयात नेऊन ठेवावीत. आणि मते मागावयास जो कोणी दारी येईल, त्याला विचारावे: संसदेत हा प्रश्न तू कधी मांडणार?