"बरं आहे, सिस्टर!"



हे उत्तर आम्हां परिचारिकांच्या पाठ झालेले आहे. कॅन्सरच्या रोग्याला रात्रभर झोप नसते, अन्न नकोसे होते, तरी डॉक्टर आले की तो म्हणतो, "बरं आहे." कुणाला त्रास नको, असे त्याला वाटते. न विचारलेले दुखणे मग तसेच राहते.

म्हणून १९९१ साली कॅनडातील एडमंटन येथे डॉ. ब्रुएरा व सहकाऱ्यांनी एक तक्ता काढला. त्याच्या आताच्या रूपात दुखणे, थकवा, मळमळ, भूक, धाप, उदासी, काळजी असा एकेक त्रास नाव घेऊन विचारायचा आणि रोग्याने ० ते १० मधला आकडा सांगायचा.

ओमानमध्ये २०२१ साली मस्कतला सुलतान काबूस यांच्या नावाचे मोठे कॅन्सर केंद्र सुरू झाले. त्या देशात कुणी अरबी बोलतो, कुणी बलुची, कुणी स्वाहिली. परिचारिकांत भारतातल्या पुष्कळ. अशा ठिकाणी नुसते "कसं वाटतं?" पुरत नाही, आकडा बोटांवरही दाखवता येतो. आपल्याकडेही आजारपणात म्हाताऱ्यांची हिब्रू हरवते, मराठीच उरते.

पण आकडा लिहून कागद बाजूला ठेवला तर काय उपयोग? सात आला की डॉक्टरांना सांगावे, औषध द्यावे, थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. पॅलिएटिव्ह केअर ती हीच, आणि ती फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते.

तेव्हा मंडळी, आपले माणूस इस्पितळात असेल तर रोज विचारा, "दहापैकी किती दुखतंय?" आणि तो आकडा सिस्टरला जरूर सांगा.