पाऊणकीचा पाढा आणि खाडीतले पाहुणे

मैत्रिणींनो, संकष्टी कधी, एकादशी कधी हे बघायला आपण भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जातोच. ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, केव्हा नि कुठे दिसतील तेही हेच कॅलेंडर सांगते, बरं का!

साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत हे गुलाबी पाहुणे इथे हजारोंनी असतात. खाडीचा हा भाग २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीतही आला. पण पुष्कळ जणी मुलांना घेऊन, डबे बांधून जातात आणि नुसते पाणी पाहून परततात. कारण एकच, वेळ चुकते. रोहित चिखलातले शेवाळ नि बारीक जीव चोचीने चाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. तेव्हा चिखल उघडा पडायला हवा, म्हणजे ओहोटी हवी.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चार पाऊण तीन. म्हणून चतुर्थीला पहाटे नि दुपारी तीनच्या सुमारास भरती. पुढे सहा तासांनी, नऊला, ओहोटी. संकष्टीला सकाळी साडेसातला खाडीवर पोहोचलात तर पाणी उतरत असते. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ! भरती सकाळीच, म्हणून खाडीवर दुपारी बाराला जावे. पौर्णिमा-अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हिशोब ढोबळ आहे. खाडीत आत थोडा उशीर धरा. मुलांचा पाऊणकीचा पाढाही आपसूक होतो!

भरतीला काय करायचे? तेव्हा पक्षी नेरूळ-सीवूड्सकडे, तिवरांमागच्या उथळ तळ्यांत विसावा घेतात. तिथे ते अगदी जवळून दिसतात. फक्त भडक कपडे नकोत, टाळ्या नकोत, निर्मल्याची प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच.

आणि एक सांगते. ही तळी कुणाला पडीक जागा वाटतात. तिथे भराव पडतो किंवा पाण्याची वाट बुजते. मग भरतीत या पाखरांनी कुठे टेकायचे? स्वयंपाकघर भरलेले, पण बसायला पाट नाही, अशा घरी पाहुणा किती दिवस राहील? म्हणून आपल्या वसाहतीजवळ असे तळे असेल, तर त्याला पडीक म्हणू नका, कुणाला म्हणू देऊ नका.