आधी नेम, मग जोर



व्यायामाचे नाव काढले की उत्तर ठरलेले असते, “दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला आलाय व्यायाम?” हे खरे, पण अर्धेच. नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटर उपसते, बांधावर जायला फटफटी आहे. सुगीत कंबर मोडेस्तोवर काम आणि पुढे महिनाभर पारावर बैठक! खुरपताना पाठ तासन् तास वाकलेली असते, तिला उलट ताण कधी मिळत नाही. मधुमेह आणि रक्तदाब आता शहरापुरते राहिलेले नाहीत, गावातही ठाण मांडून बसले आहेत.

व्यायाम सुरू करणारे पुष्कळ, टिकवणारे थोडे. पहिल्या दिवशी पन्नास जोर काढायचे, तिसऱ्या दिवशी अंग दुखते म्हणून सोडून द्यायचे! औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868–1951) यांचे पाहा. वर्षानुवर्षे त्यांनी रोज सूर्यनमस्कार घातले आणि संस्थानच्या शाळांतील मुलांनाही तीच सवय लावली. कारभार सांभाळून राजाला वेळ मिळाला, मग आपल्याला दहा मिनिटे का मिळू नयेत?

गाय दाव्याला बांधतो, तसा व्यायाम रोजच्या एका कामाला बांधा. डेअरीला दूध घालून आलात की लगेच पाच नमस्कार. पाचच! दर आठवड्याला एक वाढवा. गुडघेदुखी किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि नमस्कारांऐवजी झपझप चाला. घरच्या माउलीलाही हा वेळ हवा. तेवढी दहा मिनिटे चुलीकडे दुसऱ्या कुणीतरी बघावे.

कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडता ना? तिथेच व्यायामाचाही मांडा. लग्नकार्य निघाले, पाहुणे आले, एक खाडा पडला तर बिघडत नाही. लागोपाठ दुसरा मात्र पडू देऊ नका.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनमधील संशोधकांच्या 2010 साली छापून आलेल्या पाहणीत सरासरी 66 दिवस निघाले. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. आपला मूग काढणीला यायला साधारण तेवढेच दिवस लागतात. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब आला का, हे आपण पाहत नाही. व्यायामालाही तेवढी सवड द्या.

उद्या सकाळी डेअरीवरून आलात की पहिला नमस्कार घाला.