टोकन १४ वरच का अडकतं? 'लाइव्ह' अपडेटमागचा घोळ

दवाखान्याच्या अ‍ॅपवर टोकन १४ दिसतंय आणि आत २० नंबर गेलाय. नेट तर चालू आहे, मग घोळ कुठे?

२०२३ मध्ये आलेल्या जावा २१ च्या व्हर्च्युअल थ्रेड्समुळे हजारो कनेक्शन उघडी ठेवणं स्वस्त झालं. म्हणून आता प्रत्येक अ‍ॅपला 'लाइव्ह' व्हायचंय. पण सर्व्हर आणि तुमच्या फोनच्या मध्ये प्रॉक्सीही असतो, हे विसरलं जातं.

आम्हीही विसरलो होतो. दोन दिवस जावाचा कोडच चाळत बसलो. शेवटी ब्राउझर थेट टॉमकॅटला जोडला, तर सगळं सुरळीत! मधला एन्जिनएक्स सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आलं नाही की कनेक्शन तोडत होता. त्याचं मूळ सेटिंगच तसं आहे. तुटलेलं वेबसॉकेट ब्राउझर आपणहून पुन्हा जोडत नाही, आणि तो कोड आम्ही लिहिलाच नव्हता.

उपाय साधा निघाला: दर २५ सेकंदांनी सर्व्हरकडून छोटा पिंग, तुटलं तर पुन्हा जोडणी, आणि जोडल्यावर मधे चुकलेले मेसेज मागवणं.

तुमच्यासाठी एवढंच: 'शेवटचं अपडेट' किती वाजताचं, हे अ‍ॅप दाखवत नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. रिफ्रेश करा, नाहीतर सरळ काउंटरवर विचारा.