चालायचंच असेल तर अकोट फैलातून चालू या

ऑक्टोबर आला की पुण्यातल्या आयटी कंपन्यांत गुलाबी टी-शर्ट वाटले जातात. रविवारी सकाळी पाच किलोमीटर चालायचं, फोटो टाकायचा, जमलेला पैसा स्तनाच्या कॅन्सरसाठी एखाद्या संस्थेला द्यायचा. मी याची टिंगल करणार नाही. २०१२ मध्ये मिलिंद सोमण यांनी मुंबईत पिंकाथॉन सुरू केली, तिच्यात साडी नेसलेल्या बायकाही धावल्या. ही छोटी गोष्ट नाही.

पण अकोट फैल, बैदपुरा, अमरावतीचं नागपुरी गेट इथल्या आपल्या अम्मी-खालांपर्यंत यातलं काय पोचतं? सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून सांगायचं नाही, सांगायचं तर कोणाला, आणि तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर? यात महिने जातात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांवर मृत्यू.

संशोधनालाही पैसा हवाच. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, मॅमोग्राफीचं मशीन नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं; मी इंजिनिअर आहे, अर्धा आकडा सांगणं मला जमत नाही. तपासणारी बाईच, आणि खर्च मशीनच्या मानानं किरकोळ. आपल्या मोहल्ल्याला याहून सोयीचं काय असेल?

वऱ्हाडाला चालणं शिकवावं लागत नाही. शेगावची पालखी अकोल्यावरूनच पंढरपूरला पायी जाते. आणि गाडगेबाबा तर अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दादरला त्यांच्या मिशनच्या धर्मशाळेत आजही टाटाचे पेशंट मुक्कामाला असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो होते. पण निदान होईपर्यंतचा खर्च बहुधा घरचाच, आणि सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा पोराची बुडालेली मजुरी कोणीच भरून देत नाही. उपचार अर्धवट सोडायला तेवढं पुरतं. रमजानमध्ये जकात काढताना या घरांची आठवण किती जणांना होते?

म्हणून माझं म्हणणं असं: अकोट फैलातून निघून सर्वोपचार रुग्णालयापर्यंत चालू. बायका पुढे, आपण मागे, पाण्याच्या बाटल्या घेऊन. टी-शर्ट नकोत, तो पैसा वाचवू. ‘छातीची गाठ’ हे शब्द फलकावर मराठीत आणि उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहू. शेवटी फोटो नंतर, आधी महिला डॉक्टरकडून तपासणी. त्यासाठी रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवावं लागेल. जमलेला पैसा निदान आणि मुक्काम यांनाच द्यायचा, आणि हिशेब दर महिन्याला मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावायचा. पेशंटचं नाव न टाकता. ती शीट मी बनवतो.