साखर लपवायची की सांगायची?

आमचं घर लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लोमध्ये आहे. हीथ्रोला उतरणारी विमानं डोक्यावरून इतकी खाली येतात की मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना त्यांच्या पोटावरची अक्षरं वाचता येतात. माझी लेक ती अक्षरं वाचतच मोठी झाली. पाचव्या वर्षी तिनं पायलट व्हायचं ठरवलं. नवव्या वर्षी तिला टाइप-१ मधुमेह निघाला. आता ती १८ वर्षांची आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते आणि पायलट व्हायचंच म्हणते.

गेल्या दिवाळीत साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नात मेडिकलचा फॉर्म भरतेय हे कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, त्यात साखरेचं कशाला लिहायचं? कागदावर एकदा आलं की आलंच. उद्या पोरीचं लग्न व्हायचंय." मी त्यांना हसून उडवून लावलं खरं, पण रात्री माझ्याही मनात तेच घोळत होतं. नाही सांगितलं तर काय होईल?

आपल्याकडे हे काही नवीन नाही. स्थळ बघताना चष्म्याचा नंबरसुद्धा दोन आकडे कमी सांगणारी माणसं आपण. फिट येते, दमा आहे, डिप्रेशनची गोळी चालू आहे, हे सगळं घराच्या चार भिंतींत ठेवायचं. मीही वेगळी नव्हते. सुट्टीत गावी लग्नाला गेलो की जेवणाआधी लेकीला आतल्या खोलीत नेऊन, दार लावून इंजेक्शन द्यायचे. तिनं एकदा विचारलं होतं, "आई, मी काही चुकीचं करतेय का?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या वेळी उत्तर शोधावं लागलं, आणि ते आमच्या समजुतीच्या अगदी उलट निघालं.

इन्सुलिन घेणाऱ्याला व्यावसायिक विमान चालवायला कित्येक वर्षं जगात बहुतेक ठिकाणी मनाई होती. कारण साधं आहे. साखर अचानक उतरली तर माणूस गोंधळतो, बेशुद्धही पडू शकतो. इथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं, म्हणजे सीएएनं, तज्ज्ञांची समिती बसवून नियमावली तयार केली आणि २०१२ पासून इन्सुलिन घेणाऱ्या वैमानिकांना क्लास वन, म्हणजे व्यावसायिक उड्डाणाचं, वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. पुढे आयर्लंड आणि ऑस्ट्रियाही या प्रयोगात आले.

नियमावली सिग्नलच्या दिव्यांसारखी आहे. वैमानिकानं उड्डाणाआधी, उड्डाण चालू असताना दर तासाला आणि उतरण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात साखर तपासायची. इथल्या मापात ५ ते १५, म्हणजे आपल्या भारतातल्या हिशोबात साधारण ९० ते २७०, हा हिरवा पट्टा. त्याच्या थोडं खाली किंवा वर गेलं की पिवळा. साखर कमी असेल तर लगेच काहीतरी गोड खायचं आणि पुन्हा तपासायचं. ४ च्या खाली, म्हणजे ७२ च्या खाली, किंवा २० च्या वर, म्हणजे ३६० च्या वर, गेलं की लाल. लाल म्हणजे विमान दुसऱ्या वैमानिकाच्या हाती द्यायचं. व्यावसायिक विमानात सोबत दुसरा वैमानिक हवाच. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की आकडा शेजारच्या वैमानिकाला मोठ्यानं सांगायचा.

आतल्या खोलीत नाही, दार लावून नाही. कॉकपिटमध्ये, सहकाऱ्यासमोर.

याचा हिशोबही ठेवला गेला. साडेसात वर्षांतल्या ४९ वैमानिकांच्या ३८ हजारांहून जास्त नोंदी तपासून २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. ९७ टक्क्यांहून जास्त नोंदी हिरव्या पट्ट्यात होत्या. साखर धोकादायक खाली गेल्याच्या नोंदी हजारात एखादी. साखरेमुळे एकही वैमानिक हवेत निकामी झाला नाही. अमेरिकेनंही २०१९ च्या अखेरीस इन्सुलिन घेणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांसाठी दार उघडलं.

आता दुसरी बाजू. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जचं विमान फ्रेंच आल्प्समध्ये आदळून सर्व १५० जण गेले. सहवैमानिकानं ते मुद्दाम पाडलं होतं. तो मानसिक आजारानं त्रस्त होता, डॉक्टरांनी त्याला कामावर जाऊ नको म्हणून चिठ्ठीही दिली होती. ती त्याच्या घरात फाटलेली सापडली. कंपनीला त्यानं काहीच कळवलं नव्हतं. आजारी प्रत्येक माणूस असा नसतो, हे मला ठाऊक आहे. डिप्रेशनच्या ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांनाही इथे तपासणी करून, देखरेखीखाली उडू देतात. पण सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती माणसाला काय लपवायला लावते, ते या घटनेनं जगाला दाखवलं.

म्हणून माझं मत असं झालंय: खरं बोला असं नुसतं सांगून भागत नाही. खरं बोलणाऱ्यासाठी काहीतरी वाट ठेवावी लागते. कार्यालय एका शब्दात 'नाही' म्हणणार असेल, तर माणूस खोटं लिहिणारच. इथे वाट ठेवली आहे, आणि सोबत खोट्याला शिक्षाही. प्रमाणपत्रासाठी खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. भारतासह इतर देशांनीही हे आकडे एकदा मन मोकळं ठेवून पाहावेत. आणि घरांनीसुद्धा. आपल्या घरातही 'सांग, आपण बघू' असं म्हणणारं कुणी असायला हवं.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. एक, आधी मेडिकल, मग फी. इथे पायलटचं शिक्षण एक लाख पौंडांच्या घरात जातं. त्या मानानं मेडिकल काही शे पौंडांत होतं. घर गहाण ठेवण्याआधी ते करा. दोन, कागद जपा. साखरेच्या नोंदी, एचबीए१सी, डोळ्यांचे, हृदयाचे रिपोर्ट, सगळं मागतात. पहिली तपासणी सीएएनं मान्यता दिलेल्या केंद्रात होते, पण अशा आजारात निर्णय सीएएचे डॉक्टर घेतात. त्याला वेळ लागतो. नकारही येऊ शकतो. आणि प्रमाणपत्र मिळालं तरी प्रत्येक देश ते मान्य करेलच असं नाही, हेही मुलाला आधीच सांगा.

लेकीनं फॉर्म स्वतःच भरला. मधुमेहाच्या चौकटीत 'हो' लिहिलं, तारीख लिहिली, इन्सुलिनची नावं लिहिली. नऊ वर्षांच्या नोंदींची फाइल मी लावून दिली. तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

परवा सासूबाईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. लेकीनं फोन समोर टेकवून ठेवला आणि त्यांच्यासमोरच पोटात इन्सुलिन टोचलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आजीनं विचारलं, "दुखतं का गं?" नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.