गवयाचे आजारपण कोणाच्या खिशातून?

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या घरी एक छोटेसे सुतक पाळले गेले. लेक आणि जावई ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कार्यक्रमासाठी फिलाडेल्फियाला निघायच्या तयारीत, आणि त्याच दिवशी बातमी आली: गायक आजारी, कार्यक्रम पुढे ढकलला. लेकीचा चेहरा पाहून सौ.ने साबुदाण्याची खिचडी टाकली. मला या रॉकमधले काही कळत नाही, पण हा गायक आपल्या न्यू जर्सीचा, वय त्यावेळी ७३, आणि तीन-तीन तास उभा राहून गातो एवढे ऐकून होतो.

पुढची हकीकत आपल्या या आरोग्य-अर्थ पानाच्या कामाची आहे. त्या महिन्याच्या अखेरीस तो पुन्हा उभा राहिला आणि ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये तीन रात्री गायला. शेवटची रात्र ३ सप्टेंबरची. ६ सप्टेंबरला जाहीर झाले की पोटात अल्सर आहे. आधी त्या महिन्याचे कार्यक्रम पुढे गेले, मग वर्षभरातले उरलेले सगळेच. नंतर त्याने सांगितले की गाताना जोर लावला की पोटाचा वरचा पडदा असह्य दुखायचा. तो परतला मार्च २०२४ मध्ये, फिनिक्सला. फिलाडेल्फियाचे कार्यक्रम ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. लेक वर्षभर जपून ठेवलेल्या त्याच तिकिटावर गेली. तिचा डॉलर बुडाला नाही, त्याचा आवाजही बुडाला नाही.

"त्याचे काय, कोट्यधीश माणूस," असे आपण म्हणू. खरे आहे. एवढ्या मोठ्या दौऱ्यांना कार्यक्रम रद्द झाल्यास भरपाई देणारा विमाही मिळतो. पण पैसा नसलेल्या माणसाचेही उदाहरण आपल्याकडे आहे. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले आणि १९४८ च्या सुमारास हवापालटासाठी देवासला गेले. गाणे बंद. सुमारे पाच वर्षे बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच मिळू लागले होते, त्याचा उपयोग झाला, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. त्या आजारातून उठलेल्या गाण्याबद्दल आपण भरभरून बोलतो. भानुमतीबाईंनी देवासला शाळेत नोकरी करून घर चालवले, हे मात्र क्वचितच बोलतो. विश्रांतीचा खर्च कोणीतरी उचलला, म्हणून विश्रांती झाली.

आता माझा गुन्हा सांगतो. काही वर्षांपूर्वी मी मंडळाचा खजिनदार होतो. पुण्याहून एक गायक आले होते. नाव सांगत नाही, बरेच वाचक ओळखतील. सहा आठवड्यांत नऊ गावे, आमचे सातवे. शनिवारी सकाळी ते आमच्या ओक ट्री रोडजवळच्या घरी उतरले तेव्हा अंगात १०१ ताप होता. मागच्या गावात न्यूमोनियाचे निदान होऊन औषधे सुरू झाली होती. चहाचा कप हातात धरून ते मला म्हणाले, "साहेब, पुढच्या शनिवारी ठेवलं तर जमेल का?" अगदी हळू विचारले, आपणच काही चूक केल्यासारखे.

मी काय उत्तर दिले? शाळेच्या सभागृहाची अनामत परत मिळणार नाही, तिकिटे गेली आहेत, बटाटेवड्यांची ऑर्डर दिली आहे. एवढे बोलून मी त्यांना दोन टायलेनॉल दिल्या. हो, बटाटेवडेसुद्धा मोजले मी.

ते अडीच तास गायले. टाळ्या पडल्या. मध्यंतरात विंगेत ते खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि तबलजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. पुढच्या दोन गावांत त्यांना गाताच आले नाही, आणि पुण्याला परतल्यावर कित्येक महिने आवाज धड लागत नव्हता, असे त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितले. फोनवर त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. आमच्या हिशेबात त्या कार्यक्रमाला ४१२ डॉलर नफा दिसतो. मीच लिहिलेला आकडा आहे.

आपण निष्ठुर आहोत म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. आपण स्वतःशीही असेच वागतो. माझे पित्ताशय काढले तेव्हा नवव्या दिवशी मी मेट्रोपार्कवरून न्यूयॉर्कची गाडी पकडली होती. का, तर आजारपणाची रजा संपली होती आणि घराचा हप्ता डोळ्यांपुढे होता. ऑफिस न्यू जर्सीतच असणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांच्या पगारातून टेम्पररी डिसॅबिलिटी इन्शुरन्सचे पैसे दर वेळी कापले जातात. राज्याची ही योजना १९४८ पासून आहे. कामाशी संबंध नसलेल्या आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरने काम बंद सांगितले, तर पात्र माणसाला सरासरी साप्ताहिक पगाराच्या ८५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, जास्तीत जास्त २६ आठवडे मिळू शकतात. ती मर्यादा दर वर्षी बदलते. अर्ज काम थांबल्यापासून ३० दिवसांत करायचा. काही कंपन्यांची स्वतःची तशीच योजना असते, ती ऑफिसात विचारावी. एक लक्षात ठेवा: ही योजना पैसे देते, नोकरी टिकवण्याची हमी देत नाही. त्यासाठी कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा केंद्रीय कायदा वेगळा आहे, आणि तो सगळ्या नोकऱ्यांना लागू नाही. मी बोलतो ते हिशेबनीस म्हणून. आपल्या बाबतीत काय लागू पडते ते राज्याच्या कामगार खात्याकडे विचारा. न्यूयॉर्क राज्याचीही अशी योजना आहे, पण रक्कम फारच तुटपुंजी. तिचाही अर्ज मी केला नव्हता, कारण ती आहे हेच ठाऊक नव्हते.

पुण्याहून येणाऱ्या गवयाच्या पगारातून असले काही कापले जात नाही. त्याला पगारच नाही. सहा आठवड्यांपुरते आपणच त्याचे मालक असतो आणि मालकाची एकही जबाबदारी घेत नाही. प्रवासी विमा काढला तरी बहुतेक स्वस्त पॉलिसींमध्ये आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. साठीच्या गायकाला मधुमेह किंवा रक्तदाब नसेल तर ते नवलच. मुकेश २७ ऑगस्ट १९७६ रोजी डेट्रॉइटला वारले. लताबाईंबरोबरचा अमेरिका दौरा सुरू होता, आणि हृदयाचे दुखणे आधीपासूनचे होते. वय अवघे ५३.

काही जण म्हणतील, कलाकाराने आपली तब्येत पाहूनच यावे. पण कबूल केलेल्या नऊ गावांपैकी एक गाव गाळले तर पुढच्या वर्षी बोलावणे येणार नाही, ही भीती त्याला असते. ती भीती घालणारे आपणच, तेव्हा काढायचीही आपणच.

गणपतीच्या कार्यक्रमाची बोलणी सध्या सुरू आहेत, म्हणून आताच लिहितो. करारात एक कलम घालावे: डॉक्टरने नको म्हटले तर कार्यक्रम पुढे जाईल आणि मानधनातला निम्मा भाग तरी मिळेल. सभागृह घेतानाच दुसरी तारीख लेखी विचारून ठेवावी. कलाकाराचा विमा मंडळाने काढावा आणि त्यातले बारीक अक्षर कोणीतरी, हवे तर मी, वाचावे. यासाठी प्रत्येक तिकिटामागे दोन डॉलर बाजूला पडले तर ३०० तिकिटांचे ६०० होतात. सारा खर्च त्यातून निघणार नाही, पण दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी निधी उभा राहील. पहिले ४१२ डॉलर माझ्याकडून.

हा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.